वस्तीला ऋतू असतात

रत्नागिरीचा नकाशा सपाट कागदावर पाहिला की फसगत होते. कागदावर मांडवी आणि मारुती मंदिर शेजारी-शेजारी वाटतात. पायी निघालं की मधला चढ लागतो, आणि मे महिन्यातल्या दुपारी तो काही केल्या संपत नाही. हे शहर तीन पातळ्यांवर वसलेलं आहे. अगदी खाली समुद्र आणि काजळी नदीची खाडी, आणि त्यांच्या कडेने मिऱ्या, मिरकरवाडा, मांडवी, राजीवडा. जरा आत जुनं गाव, म्हणजे टिळक आळी, राम आळी, गोखले नाका, झाडगाव, परटवणे. आणि वर सडा. जांभ्याच्या या पठारावर माळनाका, मारुती मंदिर, साळवी स्टॉप, नाचणे येतात आणि आणखी पूर्वेला कुवारबाव, रेल्वे स्टेशन, मिरजोळ्याची औद्योगिक वसाहत. ‘रत्नागिरीत कुठल्या भागात राहावं?’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर या तीन पातळ्यांत आहे. शाळा, बाजार, बसथांबा हे सगळं त्यानंतर.

जुन्या पिढ्यांनी वस्ती केली ती बहुतेक खाली किंवा उतारावर. वरचा सडा गवताला, गुरांना आणि चिरेखाणींना सोडला. यामागे हौस नव्हती, पाणी होतं. जांभा हा सच्छिद्र दगड. पावसाचं पाणी तो पटकन पोटात घेतो, पण धरून ठेवत नाही. ते खाली झिरपत जातं, जांभ्याखालच्या चिकण थराला अडतं आणि आडवं वाहत पठाराच्या कडेला, उताराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपानं बाहेर पडतं. म्हणून कोकणातल्या वाड्या, माडा-पोफळीच्या बागा आणि बारमाही विहिरी उताराच्या पायथ्याशी सापडतात. आणि वर सड्यावर, जिथे पावसाळ्यात पावलोपावली डबकी असतात, तिथे मार्चनंतर विहिरीचा तळ दिसतो. कोकणातलं खेडं डोंगराच्या कुशीत का आणि माथ्यावर का नाही, याचं निम्मं उत्तर या एका दगडात आहे.

मग सडा वसला कसा? पंप आले, नळ आले, मोटारी आल्या. औद्योगिक वसाहत आली. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण लांबीनं सुरू झाली, आणि तिचं रत्नागिरी स्टेशन जुन्या बाजारपेठेपासून सहा-सात किलोमीटर दूर, वरच्या अंगाला आहे. शहर तिकडे सरकणारच होतं. सपाट, मोकळी जमीन, पाया घालायला कडक कातळ, रुंद रस्ते: बांधकाम व्यावसायिकाला आणखी काय हवं? सड्यावर राहण्यात वाईट काही नाही. वारा चांगला असतो, पूर येत नाही, समुद्राच्या खाऱ्या हवेचा मारा जरा कमी. पण तिथलं पाणी उसनं आहे, हे ध्यानात ठेवावं लागतं. शहराचं पाणी मुख्यतः शीळ धरणातून पंपानं उचलून येतं. धरणातला साठा उतरला, वीज गेली किंवा वाहिनी फुटली, तर उंचावरच्या आणि वाहिनीच्या टोकाच्या घरांना ते आधी कळतं.

तेव्हा घर दाखवणाऱ्याला ‘पाणी आहे ना?’ असं विचारू नका. उत्तर ‘भरपूर’ असंच येणार. ‘मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नळ किती दिवसांआड येतो आणि किती वेळ?’ असं विचारा. आणि हे विक्रेत्याला नव्हे, तळमजल्यावर धुणं वाळत घालणाऱ्या बाईंना विचारा. इमारत जुनी असेल तर सोसायटीच्या जमाखर्चात टँकरची बिलं असतात. एप्रिल ते जूनमधली बिलं बघायला मागा. पाण्याविषयी इतका खरा कागद दुसरा मिळणार नाही.

या शहरातली गंमत अशी, की वस्तीतली प्रत्येक उणीव वर्षातले काही महिने दडून बसते. डिसेंबरात विहीर भरलेली, हवा कोरडी, भिंती स्वच्छ, आकाश निळं. घरं बहुधा तेव्हाच पाहिली जातात. मुंबई-पुण्याची माणसं दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत येतात, आरे-वारेचा समुद्र बघतात, परतताना एक फ्लॅट बघतात आणि इसार देऊन मोकळी होतात. एखाद्या जागेचा जेवढा चांगला चेहरा असू शकतो तेवढा त्यांनी पाहिलेला असतो.

आता जुलै. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्याच्या सुमारे चौपट, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हे पाणी कुठून तरी समुद्रापर्यंत जाणारच. सड्यावर ते आधी चादरीसारखं पसरतं, मग सखल भागात गोळा होतं, मग पऱ्यानं खाली उतरतं. उन्हाळ्यात पऱ्या म्हणजे दगडगोट्यांची, झुडपांची एक खोलगट पट्टी असते. नवख्याला ती मोकळी जागा वाटते, आणि काही बांधकाम करणाऱ्यांनाही. भराव टाकला, कुंपणाची भिंत घातली, तोंडाला एक दीड फुटी पाइप टाकला की प्लॉट वाढतो. मग पहिल्या मोठ्या पावसात पाणी आपली जुनी वाट शोधत कुणाच्या तरी पार्किंगमधून जातं. म्हणून घर पाहायला गेलात की आधी घर पाहू नका. प्लॉटच्या वरच्या अंगाला चालत जा, पाणी कुठून येतं ते बघा. मग खालच्या अंगाला जा, ते कुठे जातं ते बघा. वाटेत मोरी लागली तर तिचं तोंड किती रुंद आहे आणि त्यात किती प्लास्टिक अडकलंय तेही बघा. पाऊस चालू असताना हे काम अर्ध्या तासात होतं. कोरड्यात करायचं तर भिंतीवरच्या चिखलाच्या रेषा, कुंपणाच्या पायथ्याशी अडकलेला पालापाचोळा आणि रस्त्याच्या कडेला उघडे पडलेले दगड वाचावे लागतात.

उतारावरच्या जागेत आणखी एक गोष्ट बघायची, ती घराच्या पाठीमागे असते. समोरून समुद्र दिसतो म्हणून माणूस समोरच बघत राहतो. मागे डोंगर तासून उभी भिंत केलेली असते. जांभा वरून कणखर दिसतो, पण त्याच्याखालची माती पाणी पिऊन जड होते आणि तिची पकड सुटते. तासलेल्या भागाला धरून ठेवणारी भिंत असेल तर तिला पाणी निघायला भोकं ठेवली आहेत का, आणि पावसात त्या भोकांतून पाणी खरंच येतंय का, हे पाहावं. भोकं कोरडी आणि भिंत फुगलेली, असं दिसलं तर तिथे थांबू नये. वरच्या अंगाला जमिनीत अर्धगोलाकार भेगा, तिरपे झालेले विजेचे खांब, बुंध्यापासून वाकलेली झाडं या खुणा सामान्य माणसालाही दिसतात. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत याच जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या पोसरे इथे दरड कोसळून माणसं गेली, आणि त्याच दिवसांत पलीकडे रायगड जिल्ह्यातलं तळिये उद्ध्वस्त झालं. ही खेडी होती. शहरातल्या तासलेल्या उतारांना निसर्गाचे वेगळे नियम लागू होत नाहीत.

खाडीकाठचा धोका वेगळ्या जातीचा. तो अचानक येत नाही, पण पुन्हा-पुन्हा येतो. चिपळूणच्या बाजारपेठेनं 26 जुलै 2005 ला वाशिष्ठीचं पाणी पाहिलं आणि 22 जुलै 2021 ला पुन्हा पाहिलं. मधली सोळा वर्षं लोकांना ‘तसा पाऊस शंभर वर्षांतून एकदा’ असं वाटायला पुरेशी होती. रत्नागिरीजवळ काजळीचं पाणी चांदेराई, हरचिरी भागात बाजारात शिरतं. नदीला पूर, समुद्राला भरती आणि वर पाऊस, असं तिन्ही जुळून आलं की पुराला बाहेर पडायला तोंड उरत नाही. म्हणून खाडीकाठचं घर पाहताना दुकानदाराला विचारा: माल जमिनीपासून किती वर ठेवता? किराणा दुकानाची सर्वांत खालची फळी हा पूररेषेचा फार प्रामाणिक नकाशा असतो.

समुद्राची तर रत्नागिरीकरांना ओळख करून द्यायची गरज नाही. मिऱ्या गावाला दर पावसाळ्यात लाटा खातात, तिथे धूपप्रतिबंधक बंधारे बांधावे लागतात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज भरकटत येऊन याच किनाऱ्यावर बंधाऱ्याला टेकलं आणि तिथेच अडकून पडलं. उधाणाच्या भरतीच्या तारखा पावसाळ्यापूर्वी वर्तमानपत्रांत छापून येतात. समुद्राकडेला घर घ्यायचं असेल तर त्यातली एक तारीख निवडून भरतीच्या वेळी तिथे जाऊन उभं राहावं. कायद्याची बाजूही आहे. किनारा नियमन क्षेत्राचे नियम 1991 पासून आहेत, सध्याची अधिसूचना 2019 ची. ग्रामीण किनाऱ्यावर, दाट वस्ती नसेल तर, भरती रेषेपासून 200 मीटरपर्यंत नवं बांधकाम सहसा करता येत नाही. दाट लोकसंख्येच्या गावांत ही मर्यादा 50 मीटर. ‘समुद्र अगदी दारात’ अशी जाहिरात वाचली की मला आधी हे आकडे आठवतात, लाटा नंतर.

विहिरीचं पाणी गोड असलं म्हणजे शुद्ध असतं, हा कोकणातला एक लाडका गैरसमज. इथे बहुतेक घरांचा मैला सेप्टिक टाकीत आणि तिथून शोषखड्ड्यात जातो. पूर्वी एका वाडीत पाच घरं आणि परसात भरपूर जागा होती तेव्हा हे चालून जायचं. आता त्याच जागेत तीस फ्लॅट उभे असतात. भारतीय मानक सांगतं की शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान 18 मीटर दूर हवा. जांभ्यासारख्या सच्छिद्र दगडात हे अंतर जितकं जास्त तितकं बरं, आणि खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला नको. आपल्या इमारतीचा शोषखड्डा कुठे आहे हे लोक कधीतरी विचारतात. शेजारच्या इमारतीचा कुठे आहे हे कुणी विचारत नाही. विहिरीला मात्र कुणाचा खड्डा कुणाचा हे कळत नाही. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यायला खर्च किरकोळ येतो. नमुना पावसाळ्यात घ्या, कारण खड्ड्यातलं पाणी विहिरीला भेटतं ते तेव्हा.

इतकं पाण्याचं झालं. माणसांचं काय?

पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ 1914 मध्ये हिंदुस्थानात आला आणि पुढची कित्येक वर्षं इथली शहरं पायी हिंडत राहिला. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा नवा विभाग निघाला, त्याचा तो पहिला प्राध्यापक. त्या काळचे अभियंते प्लेग घालवण्यासाठी गावातून सरळ रुंद रस्ते काढायचे, वाटेत येईल ते पाडायचे आणि तळी बुजवायचे. गेडिसचं म्हणणं, आधी गल्लीबोळ चालून बघा. विहीर कुठे आहे, झाडाखाली कोण बसतं, मुलं कुठे खेळतात, एखादं पडकं घर हटवलं तर किती घरांना उजेड मिळतो, हे समजून घ्या आणि मग थोडंच कापा. तळी बुजवू नका, ती पुराचं पाणी सामावून घेतात आणि हवा गार ठेवतात, असं तो नगरपालिकांना सांगत असे. त्याची पद्धत आजही कुणालाही वापरता येते, कारण तिला लागतात फक्त पाय आणि वेळ.

पायांवरून आठवलं. क्लॅरेन्स पेरी या अमेरिकन नियोजनकारानं 1929 मध्ये आदर्श वस्तीचा एक आराखडा मांडला: मध्ये प्राथमिक शाळा, कुठलंही घर शाळेपासून साधारण पाव मैलावर, आणि मोठे वाहते रस्ते वस्तीच्या कडेनं, मधून नव्हे. त्यावर पुढे टीका पुष्कळ झाली, पण ‘मूल एकटं चालत शाळेत जाऊ शकेल का?’ हा प्रश्न अजून जुना झालेला नाही. रत्नागिरीत मात्र पाव मैल मोजताना चढ धरावा लागतो. जुन्या गावात पाखाड्या आहेत, जांभ्याच्या दगडांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या वाटा. त्यांनी अंतर निम्मं होतं आणि गाडी अंगावर येत नाही. चौथीतलं मूल दोन मिनिटांत खाली पोचतं. पण पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरतं, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला तीच पाखाडी घरात कोंडून ठेवते. म्हणजे एकच वस्ती एकाच घरातल्या दोघांना सारखी चांगली असेलच असं नाही. घरातला सर्वांत म्हातारा आणि सर्वांत लहान माणूस बरोबर घेऊन जावं, आणि औषधाच्या दुकानापर्यंत चालत जाऊन यावं. जाहिरातीतली ‘पाच मिनिटं’ कुणाच्या पायांची आहेत ते तेव्हा उमगतं. रिक्षा आहेतच, पण रात्री दहानंतर भर पावसात त्या गल्लीत रिक्षा यायला तयार असते का, हे एखाद्या रिक्षावाल्यालाच विचारावं. शहर बसचं वेळापत्रक स्थानकात कळतं. फलाटावर उभ्या माणसांकडून जास्त कळतं.

मोठ्या रस्त्याचा परिणाम मोजून दाखवला तो डोनाल्ड ॲपलयार्ड यानं. 1969 मध्ये त्यानं सॅन फ्रान्सिस्कोतल्या एकमेकांसारख्या दिसणाऱ्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला. एकावरून दिवसाला सुमारे 2,000 गाड्या जात, दुसऱ्यावरून 8,000, तिसऱ्यावरून 16,000. कमी वाहतुकीच्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावर राहणारे सरासरी तीन मित्र होते, सर्वांत गजबजलेल्यावर एकसुद्धा पुरता नव्हता, सरासरी 0.9. लोकांना ‘तुमचं घर कुठपर्यंत आहे ते नकाशावर दाखवा’ असं सांगितलं, तर शांत रस्त्यावरच्यांनी अख्खा रस्ता रेखाटला आणि गजबजलेल्यावरच्यांनी आपला दरवाजा. पुढे 1982 मध्ये अथेन्समध्ये भरधाव गाडीच्या धडकेतच ॲपलयार्ड गेला. रत्नागिरीत साळवी स्टॉप, कुवारबाव, हातखंबा या अंगानं मिऱ्या–नागपूर महामार्ग जातो. रस्ता रुंद झाला म्हणून भाव वाढतो हे खरं. तोच रस्ता दूध आणायला ओलांडावा लागत असेल, तर वाढलेल्या भावानं रोजची ती अडचण सुटत नाही. महामार्ग जवळ असावा, पण एक वळण आत.

आता एक अवघड गोष्ट: बंद घरं. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आली. महाराष्ट्रात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच होते: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. याच काळात रत्नागिरी शहर मात्र 70 हजारांवरून 76 हजारांवर गेलं. म्हणजे गावं रिकामी होताहेत आणि शहर वाढतंय. आणि शहरातही बरीच घरं अशी, की मालक मुंबईत, किल्ली शेजाऱ्याकडे. गणपतीत आणि मे महिन्यात ही घरं उघडतात, अंगणं झाडली जातात, पोरं क्रिकेट खेळतात. त्या वेळी वस्ती पाहणाऱ्याला वाटतं, काय भरलेली जागा आहे! त्याच जागी फेब्रुवारीत एखाद्या मंगळवारी रात्री आठला जाऊन उजेड असलेल्या खिडक्या मोजा. वीस फ्लॅटांच्या इमारतीत सहाच खिडक्या उजळलेल्या असतील तर लिफ्ट दुरुस्तीचा खर्च किती जण भरणार, जिना कोण झाडून घेणार आणि पाण्याची टाकी ओसंडून वाहते आहे हे कुणाच्या लक्षात येणार, याचं उत्तर मिळालं. बंद फ्लॅटची पश्चिमेची भिंत पावसाच्या झडीनं भिजत राहते, आत बुरशी धरते आणि ओल शेजारच्या नांदत्या घरात उतरते. जेन जेकब्ज या लेखिकेनं 1961 मध्ये लिहिलेल्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात दाखवून दिलं होतं की रस्ता सुरक्षित राहतो तो तिथे सतत वावरणाऱ्या, खिडकीतून-दुकानातून सहज बघणाऱ्या माणसांमुळे, पोलीस त्यानंतर. आपल्याकडे हे काम ओटीवर बसलेले आजोबा करत आले. ओटीच गेली आणि आजोबा अंधेरीला नेले, मग कॅमेरा लावावा लागतो.

ऋतू कसा फसवतो याचा उलटा मासला मिरकरवाड्यात मिळेल. मिरकरवाडा हे राज्यातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक. तिथली पहाट म्हणजे लिलाव, बर्फाच्या गाड्या, इंजिनांचा आवाज आणि वास. आसपास घर घेणारा माणूस पावसाची परीक्षा म्हणून जुलैत गेला, तर त्याला बंदर निवांत दिसेल, कारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्यानं तिथे जावं ते ऑक्टोबरात. ज्याचं पोट बंदरावर आहे त्याला तो आवाज पोटापाण्याचा वाटतो, आणि ज्याला ताजी सुरमई दारात हवी पण तिचा वास नको, त्यानं जरा लांब राहून बाजाराच्या दिवशी यावं. कोळीवाड्याशेजारी बंगला बांधून मग वासाची तक्रार करणाऱ्यांबद्दल मला फारशी सहानुभूती नाही. बंदर आधीपासून तिथे होतं.

‘वस्ती चांगली आहे’ असं सांगताना पुष्कळदा आवाज जरा खाली येतो आणि पुढे ‘आपलेच लोक आहेत’ हे वाक्य जोडलं जातं. जुन्या रत्नागिरीच्या आळ्या, वाड्या, मोहल्ले जातीधर्मानुसार बसलेले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. याच शहरात स्थानबद्धतेत असताना सावरकरांच्या पुढाकारानं आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशानं 1931 मध्ये पतित पावन मंदिर उभं राहिलं, सर्व हिंदूंना जातीची अट न घालता आत येता यावं म्हणून. त्याला नव्वदहून जास्त वर्षं झाली, आणि तरी भाड्यानं घर शोधणाऱ्याला आडनाव आधी आणि डिपॉझिट नंतर विचारलं जातं. एकटी राहणारी नोकरदार बाई, मुसलमान शिक्षक, दलित बँक कर्मचारी, मासे खाणारा भाडेकरू: यांना घर मिळतं का, हा प्रश्न वस्ती पारखताना विचारायलाच हवा. तुम्हाला स्वतःला तिथे सहज जागा मिळत असेल तरीसुद्धा. ज्या सोसायटीत आज दुसऱ्याचं स्वयंपाकघर हुंगलं जातं, तिथे उद्या तुमच्या मुलीच्या घरी येण्याच्या वेळा मोजल्या जातात.

हद्दीचा मुद्दा रुक्ष आहे पण खिशाला लागतो. मारुती मंदिराकडून पुढे गेलं की कुठेतरी नगर परिषदेची हद्द संपते आणि नाचणे, कुवारबाव, शिरगाव, मिरजोळे या ग्रामपंचायती सुरू होतात. रस्ता तोच, इमारती तशाच, कळतसुद्धा नाही. पण घरपट्टी बदलते, पाण्याची योजना बदलते, कचरागाडी बदलते किंवा येतच नाही. ग्रामपंचायतीच्या हद्दीत घर स्वस्त पडतं ते उगाच नाही, आणि महागडं शहरी घर सोयींचं असतंच असंही नाही. संध्याकाळी ओल्या कचऱ्याची पिशवी कुठे जाते ते बघितलं की हद्दीचा निकाल लागतो. पऱ्यात जात असेल तर सातव्या मजल्यावरचं गार्डन विसरून जावं. कागदांचं थोडक्यात सांगतो: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि प्रकल्प मोठा असेल तर महारेराची नोंदणी. मे 2017 पासून महारेरा लागू आहे आणि 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या आणि आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणी सक्तीची आहे. हे सगळे कागद चोख असूनही मे महिन्यात नळ कोरडा राहू शकतो. कागद तुम्हाला मालकी देतात, पाणी देत नाहीत.

एवढं सगळं तपासायला कुणाला सवड आहे, असं तुम्ही म्हणाल. तर एक सोपी वाट आहे. घर विकत घेण्याआधी त्याच वस्तीत भाड्यानं राहा. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. हा करार ऑगस्टमध्ये सुरू केलात तर तो जूनअखेर संपेल आणि नेमका जुलै हुकेल. जूनमध्ये केलात तर मे हुकेल. एप्रिलच्या पहिल्या तारखेला करा. सुरुवातीलाच टंचाई आणि मुंबईकरांची गर्दी बघायला मिळते, मग पाऊस, मग गणपती, मग बंदराचा हंगाम, मग रिकाम्या खिडक्यांचा फेब्रुवारी. बघायचा राहतो तो फक्त मार्च.